जुना स्पूल टेपरेकॉर्डर सापडलाय? प्लग लावायच्या आधी हे वाचा

रेवदंड्याला आत्याच्या माळ्यावर एक स्पूल टेपरेकॉर्डर होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा तो भिजला आणि नंतर गोणपाटात गुंडाळून तसाच पडून राहिला. गेल्या वर्षी त्याच्याबरोबर एक टेप सापडली. डबीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘गौरी १९७४’. आत्या म्हणाली, "त्यात आईचा आवाज आहे." आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

ज्यांनी स्पूल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात कॅसेटसारखीच टेप असते, फक्त रुंद (पाव इंच) आणि प्लास्टिकच्या मोठ्या चकत्यांवर उघडीच गुंडाळलेली. आकाशवाणीत वर्षानुवर्षं यावरच रेकॉर्डिंग व्हायचं.

आता मी केलेली चूक. मोबाईल चार्जरला लावावा तसा मी त्याचा प्लग थेट भिंतीत लावला. दोन मिनिटांत उग्र वास आणि धूर! मशीनमध्ये फ्यूज होता, पण तो उडाला नाही. उघडून बघितलं तर काचेच्या फ्यूजला कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून ठेवला होता. ही जुगाडी तुम्हालाही सापडेल, म्हणून सगळ्यात आधी फ्यूज बघा. तो जितक्या अँपिअरचा लिहिलाय तितक्याच अँपिअरचा घाला.

त्यानंतर मागचा व्होल्टेज सिलेक्टर. परदेशी मशीनवर ११० आणि २२० अशा खुणा असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. खूण ११० वर राहिली तर ट्रान्सफॉर्मर जळतो.

धूर निघाला होता तो मेन्सच्या तारांमधल्या कागदी कपॅसिटरमधून. वरचं प्लास्टिक तडकतं, आत दमट हवा शिरते आणि वीज मिळाली की तो फुटतो. त्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-टू वर्गाचा नवीन कपॅसिटर बसवला. मांडव्याहून बोटीने जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणला. कपॅसिटरपेक्षा तिकीट महाग पडलं. इथे साधा कपॅसिटर चालत नाही, एक्स-टूच हवा.

दुसऱ्यांदा मशीन लावलं ते सिरीज लॅम्पमधून. म्हणजे फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तार असलेला बल्ब जोडायचा. मशीनमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, सगळा दाब तोच घेतो आणि मशीन वाचतं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. एलईडी बल्बने हे होत नाही. असा बोर्ड गावातल्या वायरमनकडे बहुतेक असतोच, मागून घ्या, स्वतः वायरी जोडत बसू नका. आणि मशीन व्हॉल्व्हचं असेल, म्हणजे आत काचेच्या नळ्या दिसत असतील, तर झाकण लावून जाणकाराकडे न्या. त्यात अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात. आमचं ट्रान्झिस्टरचं होतं, म्हणून मी हात घातला.

बल्ब मंद झाला, मोटर फिरली. आत्या लगेच म्हणाली, "लाव की आता आईची टेप." मी नको म्हटलं, आणि तो नकार ही या सगळ्या प्रकरणातली माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट.

कारण असं. कॅसेटच्या मागची प्लास्टिकची खूण तोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. स्पूलला असं काहीच संरक्षण नाही. टेप आधी इरेझ हेडवरून जाते, मग आवाज वाचणाऱ्या हेडवरून. रेकॉर्ड आणि प्ले यांच्यात बदल करणारा आत एक लांबट सरकता स्विच असतो, त्याला डझनभर तरी कॉन्टॅक्ट असतात. आपल्याकडची खारी हवा म्हणजे त्याचा काळ. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, कॉन्टॅक्टवर हिरवा कळंक चढतो, ग्रीस घट्ट होतं आणि स्विच अर्ध्यात अडकतो. मग तुम्ही प्ले दाबलंय, आवाज येत नाहीये, तुम्हाला वाटतंय मशीन बिघडलंय. आणि त्याच वेळी टेप पुसली जातेय.

म्हणून आधी गेली तरी चालेल अशी गाण्यांची टेप लावली. आवाज शून्य. लगेच बंद केलं. प्लग काढून स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि तो पंचवीस-तीस वेळा मागेपुढे केला. (गंजावर मारायचा स्प्रे इथे वापरू नका, तो चिकट थर सोडतो आणि रबराच्या चाकावर उडाला तर पट्टा-चाकं घसरतात.) दांड्यावरचं वाळलेलं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढलं. पुन्हा तीच टेप लावली. सुरुवातीचा साधारण अर्धा मिनिट कोरा, आणि पुढे गाणं! तो अर्धा मिनिट मघाशी पुसला गेला होता.

गाण्यामागे घूं असा आवाज होता. इथे तुमचा फोन कामाला येतो. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नावाची मोफत अ‍ॅप्स मिळतात, फोन स्पीकरजवळ धरा. आपली वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायर ती डीसी करतो तेव्हा उरलेली लहर १०० हर्ट्झची असते. सुळका १०० वर असेल तर पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कपॅसिटर सुकलाय. ५० वर असेल तर अर्थिंग किंवा हेडच्या वायरीचं वरचं जाळीदार आवरण तपासा. आमचा सुळका १०० वर होता. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तितकेच किंवा जास्त, अधिक-उणे बघून. वायर काढण्याआधी दहा फोटो काढा, नंतर स्वतःलाच दुवा द्याल.

जाता जाता: अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाब्याचं हे काम इकडे हललं. टेपही चुंबकीयच असते, तेव्हा ती स्पीकरवर किंवा मोटरजवळ ठेवू नका.

मग ‘गौरी १९७४’ लावली. फोन समोर धरून नाही, तर मशीनच्या मागच्या आउटपुटमधून वायरने, यूएसबी ऑडिओ इंटरफेसमार्गे फोनमध्ये, वेव्ह फाइल म्हणून. जुनी टेप पुन्हा वाजेलच याचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्या फेरीलाच रेकॉर्डिंग चालू होतं. आवाज चिमण्यांसारखा आला, कारण वेगाची कळ सेकंदाला १९ सेंटीमीटरवर होती. ती ९.५ वर आणली आणि फुगडीच्या आवाजासोबत बायकांचं हसणं स्पष्ट आलं.

आत्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ही आई नाही रे. या शेजारच्या काकू."

मी टेप उलटी करून लावली. आजी दुसऱ्या बाजूला होती.