पेशवे-गायकवाड आर्थिक वाटाघाटी (१८१४-१५) : गंगाधरशास्त्री पटवर्धन यांची भूमिका

प्रस्तावना :

गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत बहुधा त्यांच्या खुनापुरताच येतो. पंढरपूर येथे २० जुलै १८१५ रोजी झालेला हा खून पेशवाईच्या अस्ताचे एक निमित्त ठरला, हे खरेच. तथापि शास्त्री पुण्यास गेले होते ते हिशेबासाठी; आणि तो हिशेब त्यांच्या मृत्यूपूर्वीच फिसकटला होता. तो का फिसकटला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वादाचे स्वरूप :

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर (१८०३-०५) पुणे व बडोदा ही दोन्ही दरबारे तैनाती फौजेच्या करारांनी बांधली गेली होती. उभयतांच्या देण्याघेण्याच्या तंट्यात इंग्रजांची लवादी वसईच्या तहाने (१८०२) मान्य झालेली होती. पेशव्यांची मागणी थकलेल्या खंडणीची होती; बडोद्याने भडोचवरील आपल्या हक्काचा प्रश्न पुढे केला. मात्र कळीचा मुद्दा अहमदाबादच्या इजाऱ्याचा होता. १८०० मध्ये तो सालीना पाच लाखांस, व १८०४ मध्ये साडेचार लाखांस दहा वर्षांकरिता गायकवाडांना मिळाला. १८१४ मध्ये मुदत संपताच दुसऱ्या बाजीरावांनी तो त्रिंबकजी डेंगळे यांस दिला. गुजरातेत पुण्याचे अंमलदार पुन्हा येणे बडोद्यास थकबाकीपेक्षा अधिक जाचक होते.

शास्त्रींची भूमिका :

शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले. पूर्वी ते बडोद्याच्या रेसिडेन्सीत कामास होते, त्यामुळे पुणे दरबारास ते गायकवाडांपेक्षा इंग्रजांचेच वकील वाटत असल्यास नवल नाही. प्रथम त्यांना ताटकळत ठेवण्यात आले. पुढे धोरण पालटले. बाजीरावांनी त्यांना कारभारीपद देऊ केले, तसेच आपल्या मेहुणीशी शास्त्रींच्या मुलाचा विवाह ठरविला. याच सुमारास सात लाख उत्पन्नाचा मुलूख देऊन सर्व मागण्या मिटवाव्यात, अशी तडजोड शास्त्रींनी मान्य केली.

प्रस्तुत लेखकाच्या मते वाटाघाटी येथेच मोडल्या. रकमेविषयी घासाघीस शक्य होती. पण मुलूख सोडण्याचा अधिकार वकिलास नव्हता. शिवाय ज्या दरबाराकडून सवलत मिळवायची, त्याच्याशी सोयरीक जुळत असता वकिलाचा शब्द स्वामीस निःशंक कसा वाटावा? फत्तेसिंगराव गायकवाडांनी संमती दिली नाही. तेव्हा नाशिक येथे लग्नाची सिद्धता झालेली असताना शास्त्रींनी माघार घेतली. एल्फिन्स्टन यांच्या दृष्टीने हे सावधपणाचे असेल, पण बाजीरावांना तो उघड अपमान वाटला. हिशेबाचा प्रश्न आता मानापमानाचा झाला. त्यानंतर पंढरपूरची ती रात्र आली.

पुढील घटनाक्रम :

खुनाचा आरोप आलेल्या त्रिंबकजीस सप्टेंबर १८१५ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांच्या मागील मागण्या सालीना चार लाखांवर मिटविल्या गेल्या, आणि अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांस गायकवाडांना कायमचा मिळाला. बडोद्यास हवे होते ते हेच. फरक इतकाच, की ते आता इंग्रजांच्या दबावाने आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बडोद्याशी नवा करार झाला व त्या इजाऱ्याचे हक्क कंपनीकडे गेले.