हिरव्या शेंड्याखालची कूज

जुन्या झाडाच्या मुळांना लागलेली बुरशीजन्य कूज ओळखणे हे वृक्षतपासणीतील सर्वांत अवघड काम आहे, कारण झाडाला उभे धरणारा भाग मातीत दडलेला असतो आणि वरची पालवी मात्र कित्येक वर्षे टवटवीत राहते. युरोपात हा प्रश्न जुन्या ओक वृक्षांबाबत पडतो. महाराष्ट्रातील देवळाली प्रवरा आणि राहुरीच्या परिसरात ओक उगवत नाही, पण रस्त्याकडेच्या चिंचा, बांधावरचे लिंब आणि बाभळी यांच्यापुढे तोच प्रश्न असतो, आणि तेथे पहिला संशय गॅनोडर्मा या बुरशीवर जातो.

पावसाळ्यात बुंध्याच्या तळाशी, जमिनीला लागून, लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत तांबूस-तपकिरी छत्री फुटते. तिची वाढती कड पांढरी असते आणि खालच्या बारीक छिद्रांतून गळणारे बीजाणू कोकोच्या भुकटीसारखे तिच्याच पाठीवर साचतात. फणसाच्या खोडावर येणारा आणि औषध म्हणून उगाळला जाणारा फणसोंबा हीदेखील अशीच लाकडावर जगणारी, पण निराळी बुरशी होय. छत्री हे केवळ फळ. खरी बुरशी म्हणजे लाकडात पसरलेले तंतूंचे कवकजाल, जे लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हे द्रव्य पचवते आणि टणक मुळाचा पांढुरका, बोटाने दबणारा भुसा करून टाकते. बाहेरचे जिवंत रसकाष्ठ पाणी वर चढवीत राहिल्यामुळे पानांना या विनाशाची वार्ता उशिरा लागते.

१९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांनी प्रवरा नदीचे हे खोरे बागायती केले. मात्र काळ्या चिकण जमिनीत पाणी साचून राहिले की मातीतील हवा निघून जाते आणि बारीक मुळ्या गुदमरून मरतात. रस्त्याच्या रुंदीकरणात तोडलेली मुळे आणि बुंध्यापर्यंत भिडवलेला सिमेंटचा थर यांनी होणारी हानी याहून मोठी असते, कारण उघडी जखम हेच बुरशीचे प्रवेशद्वार ठरते.

तपासणीची सुरुवात साध्या साधनांनी होते: लाकडी हातोड्याने बुंध्याभोवती ठोकत जाताना खणखणीत नाद एखाद्या ठिकाणी अचानक बद्द होतो, आणि माती उकरून मोठ्या मुळाच्या खालच्या अंगाला लोखंडी सळई टोचली असता ती कुजक्या भागात विनासायास शिरते. वरची बाजू शाबूत दिसूनही खालची पोकळ असू शकते, म्हणून ही टोचणी वगळून चालत नाही. पुढे बारीक सुईने छिद्र पाडत लाकडाचा प्रतिकार आलेखावर उमटवणारे यंत्र, आणि बुंध्याभोवती संवेदक लावून ध्वनीचा वेग मोजणारी पद्धत वापरतात. कुजलेल्या भागातून ध्वनीचा प्रवास लांबतो. परंतु ही दोन्ही मुख्यतः बुंध्याची हकिगत सांगतात. मुळांची पकड थेट अजमावते ती ओढ-चाचणी, जिच्यात दोराने ठरावीक बल लावून बुंध्याचा तळ अंशाच्या किती लहान भागाने कलतो हे मोजले जाते.

बुंधा आणि मुळे यांतला हा भेद निर्णायक आहे. गोल बुंधा मध्यभागी त्रिज्येच्या ७० टक्क्यांपर्यंत पोकळ झाला, तरी भूमितीच्या हिशेबाने त्याची वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे २४ टक्केच घटते. आधाराच्या मुळांना मात्र अशी सवलत नाही. त्यामुळे पोकळ ढोली पाहून घाबरणे आणि हिरवा शेंडा पाहून निश्चिंत होणे, दोन्ही चुकीचे.

बुरशीची जात पटवण्यासाठी छत्रीचा नमुना कागदी पिशवीत वाळवून ठेवावा लागतो; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवक संग्रहालयात असे वाळवलेले नमुने जतन केलेले आहेत. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि हा कायदा नगर परिषदांच्या हद्दीतही लागू असल्याने, एका छत्रीच्या आधारावर कुऱ्हाड चालवणे अन्यायाचे आहे. फांद्यांचा भार हलका करणे किंवा झाडाखालची वर्दळ हलवणे हे उपाय आधी तपासले पाहिजेत. झाड काढावेच लागले, तर खोडकी आणि जाड मुळेही खणून काढतात, कारण बुरशी त्यांत वर्षानुवर्षे तग धरते, आणि शेजारच्या झाडाच्या मुळांशी होणारा स्पर्श तोडण्यासाठी दोहोंच्या मध्ये खोल चर घेतात.