मिसकॉलवरची रोजनिशी

मराठी माणूस इंटरनेटवर लिहिता झाला तो 1996 च्या सुमारास, अमेरिकेत सुरू झालेल्या 'मायबोली'वर. पुढे 'मनोगत', 'मिसळपाव' आली, लोकांनी अनुदिन्या उघडल्या, एकमेकांच्या लेखनावर वाद घातले आणि त्यातूनच गोतावळे जमले. या साऱ्यांना एकत्र ठेवणारी देवनागरी लिपी मात्र कुणाच्या लक्षातही आली नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अशा सामायिक लिपीची उणीव लगेच जाणवते. जिवतीचा गोंड पोरगा शाळेत देवनागरी गिरवतो, सीमेपलीकडे आसिफाबादेतला त्याचा सोयरा तेलुगू. मसराम आणि गुंजाला या गोंडीच्या स्वतःच्या लिप्या. पण त्या युनिकोडमध्ये आल्या 2017 आणि 2018 साली, आणि वाचणारे अजून थोडेच. 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी गोंडी ही आपली भाषा म्हणून नोंदवली. बोलले तर कळते, लिहिले तर अडते.

मग लिहायचेच कशाला? पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये छत्तीसगडमधून सुरू केलेल्या 'सीजीनेट स्वर' या फोनसेवेने हाच प्रश्न विचारला. साधा फोन पुरतो. मिसकॉल द्यायचा, उलट फोन येतो. सांगायचे असेल तर एक दाबा, ऐकायचे असेल तर दोन. कुणी गाणे म्हणतो, कुणी रोजगार हमीची मजुरी थकल्याचे सांगतो. निरोप आधी तपासला जातो, मग सगळ्यांसाठी खुला होतो. तक्रारीसोबत अधिकाऱ्याचा नंबरही असतो, आणि कुठल्या तरी शहरातला अनोळखी श्रोता थेट साहेबांना फोन लावतो. अर्जांच्या ढिगाला न बधणारा साहेब अशा फोनला बधतो, हे विशेष. काम झाले की तोच गावकरी पुन्हा फोन करून तेही सांगतो. अनुदिनीखालच्या शंभर 'वा, छान' प्रतिसादांपेक्षा मला हा एक प्रतिसाद मोलाचा वाटतो.

बोलण्यातही अडचणी होत्याच. बस्तरची गोंडी आदिलाबादेत अडखळते. म्हणून 2014 पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांतले गोंड एकत्र बसून शब्द ठरवू लागले. 2018 पर्यंत सुमारे 3 हजार शब्दांचा कोश तयार झाला.

आणि जिथे नेटवर्कच नाही तिथे? त्यासाठी 'बुलटू रेडिओ' निघाला. रेंज मिळेल तिथे एकाने कार्यक्रम फोनमध्ये उतरवून घ्यायचा. पुढे ब्लूटूथने तो या फोनमधून त्या फोनमध्ये, फुकटात.