आईबाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का?

सुट्टीत भारतात जाणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कामांच्या यादीत सध्या एक नवं काम वाढलंय. आईबाबांच्या जुन्या लॅपटॉपचं करायचं काय? विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१५-१६ च्या सुमाराचे, एरवी ठणठणीत असलेले लॅपटॉप त्यात बसत नाहीत. मुदतवाढ मिळाली, तरी ती तात्पुरतीच. मग कुणीतरी म्हणतं, "लिनक्स टाक की!" आणि दुसरं कुणी लगेच, "या वयात त्यांना कमांड टाइप करायला लावणार?"

कमांडची भीती आता जुनी झाली. साताऱ्याला आमच्या घरच्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट २२ बसवलं, तेव्हा एकही कमांड लागली नाही. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. शिवाय बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, तेव्हा मूळच्या विंडोजला धक्काही लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर हे सगळं त्याच वेळी तपासून घ्यावं. ही अर्ध्या तासाची तपासणी टाळू नका.

आईचं सगळं काम ब्राउझरमध्ये. बँक, यूट्यूब, नातवंडांशी व्हिडिओ कॉल. मिंटचा मेनू विंडोजसारखाच डाव्या कोपऱ्यात खाली असतो, त्यामुळे दोन दिवसांत तिचं बस्तान बसलं. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन करून कुणी विंडोजची फाइल उतरवायला लावली, तरी ती इथे नुसत्या क्लिकने चालत नाही. अर्थात, ओटीपी सांगून टाकला तर लिनक्स काय करणार!

अडलं ते बाबांचं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. हिशेब एक्सेलमध्ये, मॅक्रो लावलेले. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली, पण मॅक्रो चालेनात आणि रकाने सरकले. सभांची इतिवृत्तं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे पडद्यावर नुसतं अगम्य इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. "पंधरा वर्षांचं दप्तर आहे ते," बाबा तडकले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. जुन्या फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकल्यावर इतिवृत्तं वाचता आली, पण त्या फॉन्टमध्ये टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. आणि प्रिंटरचा लिनक्स ड्रायव्हर दोन संध्याकाळ घालवूनही धड चालला नाही.

शेवटी लॅपटॉपवर दोन्ही ठेवलं. सुरू करताना काय हवं ते निवडायचं. विंडोजच्या बाजूचं इंटरनेट बंद करून टाकलं. सोसायटीचं काम आणि छपाई तिकडे, बाकी सगळं मिंटमध्ये. वापरायला सोपं की अवघड, हे लिनक्सपेक्षा तुमच्या फायलींवर जास्त ठरतं, असं माझं मत झालंय. ज्याला थोडंच काम आहे त्याला सोपं. ज्यानं वर्षानुवर्षं विंडोजवर संसार मांडलाय, त्याला जड.

पण खरी अडचण वेगळीच आहे. काही बिघडलं तर मी मँचेस्टरला, आणि हिवाळ्यात घड्याळं साडेपाच तासांनी पुढेमागे. मिंटमधल्या टाइमशिफ्टनं कालच्या स्थितीत परत जाता येतं. त्याच्या पायऱ्या मी वहीत मराठीत लिहून ठेवल्यात. तरी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाला लॅपटॉप दाखवला, की त्याचं एकच उत्तर, "काका, विंडोज टाकून देतो ना!" पुढच्या खेपेला त्यालाच एक पेनड्राइव्ह देऊन दुपारभर सोबत बसायचं ठरवलंय. चहा आईकडे.