वरणगावहून रावेरला : इंग्रजीच्या अध्यापनाविषयी, लेखांक पाचवा

मागील लेखांकात पाठांतराच्या मर्यादांचा विचार झाला. आता ज्या प्रयोगाने, माझ्या मते, आपल्या देशातील इंग्रजीच्या अध्यापनाला सर्वांत स्वतंत्र दिशा दिली, त्या बंगलोर प्रकल्पाकडे वळू. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिणेतील काही शाळांत असे गृहीत धरून अध्यापन केले, की विद्यार्थ्याचे चित्त अर्थात गुंतले म्हणजे व्याकरणाची घडण त्याच्या मनात नकळत होत जाते. म्हणून वाक्यरचनांचा क्रमवार अभ्यासक्रम त्यांनी बाजूस ठेवला आणि नकाशे, आगगाड्यांची वेळापत्रके यांवर आधारलेले, विचार करावयास लावणारे प्रश्न वर्गात आणले.

वरणगावच्या शिक्षकाला ही सामग्री हाताशीच आहे. हे गाव भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, तर रावेर खंडव्याकडे फुटणाऱ्या मार्गावर. तेव्हा सकाळी अकराच्या आत रावेरला पोचावयाचे, तर भुसावळला गाडी बदलणे आणि मधल्या वेळेचा हिशेब करणे ओघानेच आले. शिक्षकाने दोन्ही मार्गांच्या तीन-तीन गाड्या फळ्यावर मांडाव्यात आणि पहिला प्रश्न साऱ्या वर्गासमक्ष, इंग्रजीतून विचारीत आणि अडलेल्यास वाट दाखवीत सोडवावा. त्यानंतर तशाच जातीचा दुसरा प्रश्न, म्हणजे पहिली गाडी अर्धा तास लेट झाली तर काय, प्रत्येकाने एकट्याने सोडवावा. यांतील पहिला, जाहीर भाग फार मोलाचा आहे, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. उत्तर एकाच शब्दात आले, किंवा घरच्या लेवा बोलीत आले, तरी ते स्वीकारून शिक्षकाने सहज पूर्ण इंग्रजी वाक्यात उच्चारावे. गुण द्यावेत ते प्रवासी वेळेवर पोचला की नाही, यावरून. 1964 साली स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत नोकरीस असलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुले वर्गात असतील, तर त्यांच्या दूरच्या आजोळांचे प्रवास प्रश्नांना आयतेच पुरतील.

शालान्त परीक्षेत गाडी बदलण्याला गुण नाहीत, हा आक्षेप खरा आहे. म्हणून आठवड्यातून एकच तास यासाठी राखावा. परंतु 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जात असता, दहावीच्या मुलाला त्या भाषेत स्वतःचा असा एकही निर्णय घ्यावा लागू नये, ही स्थिती मला असह्य वाटते.

आणि शिक्षकाचे काय? हजेरीपट, दाखले आणि अभ्यासक्रमाची मुदत यांत त्याचा उत्साह आटतो, हे आपण सर्वजण जाणतो. प्रभूंनी 1990 साली लिहिलेल्या एका निबंधात सर्वश्रेष्ठ अशी पद्धतच नाकारली आणि अध्यापनाचा खरा शत्रू यांत्रिकपणा होय, असे प्रतिपादिले. त्यांच्या पद्धतीपेक्षाही हा विचार मला अधिक मोलाचा वाटतो. पाठ्यपुस्तकातील प्रश्नाचे उत्तर विचारण्यापूर्वीच ठाऊक असते, त्यामुळे शिक्षकाचे कान मिटलेले राहतात. येथे मात्र मागच्या बाकावरचा एखादा मुलगा आपल्याला न सुचलेली गाडी काढून दाखवील, या अपेक्षेने तो पुन्हा ऐकू लागतो.

ही रीत अंगवळणी पडल्यावर शाळेचेच वेळापत्रक घ्यावे, आणि आठवी, नववी, दहावीच्या तासिकांवरून एका शिक्षकाचा संपूर्ण आठवडा मुलांकडून जुळवून घ्यावा. प्रभूंनी दिलेल्या उदाहरणांत हेही एक आहे.