कुत्र्याचे चित्र आणि उजेडाचा हिशेब

चित्रकलेवर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना अजिंठा आठवतो, रविवर्मा आठवतो. आम्ही मात्र कुत्र्याच्या चित्राविषयी बोलणार आहोत. हे ऐकून कोणी हसले तर आमची तक्रार नाही. परंतु उजेड, रंग आणि रंगाचा उजळ-गडदपणा यांचे नाते शिकवणारा कुत्र्यासारखा गुरू आम्हाला तरी दुसरा भेटला नाही. आणि हा गुरू मुखेड-कंधारपासून लातूरपर्यंत आपल्या मुलखात वाड्यावस्त्यांवर भेटतो.

आपल्याकडचा नावाजलेला कुत्रा म्हणजे कारवान. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, उंच पाय आणि अंगाला चिकटलेले आखूड केस. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव त्याच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. कर्नाटकात त्याला मुधोळचा कुत्रा म्हणतात, आणि २००५ साली आपल्या टपाल खात्याने मुधोळच्या कुत्र्याचे तिकीटही काढले. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. चित्रकाराला हे सोयीचेच, कारण त्याने दुरूनच पाहायचे असते.

काही वर्षांपूर्वी एका शेतकरी स्नेह्याने आपल्या म्हाताऱ्या पांढऱ्या कारवानाचे चित्र आमच्याकडे मागितले. कुत्रे फार दिवसांचे सोबती नाही हे त्यांना कळले होते. आम्ही मोबाईलवर फोटो घेतला आणि घरी बसून चित्र केले. कुत्रा पांढरा, म्हणून पांढरा रंग. सावलीसाठी त्यातच थोडा काळा. रेखन चोख होते. मालकांनी बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हणाले, “चांगलं हाय, पण चुना फासल्यावानी दिसतंय. आमचं वाटंना.”

त्यांचे बरोबर होते. मग आमची चूक कोठे झाली?

आपला डोळा जे दिसते त्यापेक्षा जे ठाऊक आहे तेच अधिक मानतो. कुत्रा पांढरा हे ठाऊक असले की त्याची सावलीतली बाजूही आपण पांढरीच समजतो. प्रत्यक्षात त्या बाजूवरून डोळ्याकडे येणारा उजेड उन्हातल्या बाजूच्या मानाने फारच थोडा असतो. दाट सावलीतली चुन्याची भिंत आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या कुत्र्याची पाठ यांतले अंतर आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ कमी असते. हा जो उजळ-गडदपणा, त्याला चित्रकार ‘व्हॅल्यू’ म्हणतात. रंग थोडा चुकला तर चित्र तग धरते. व्हॅल्यू चुकली तर कुत्रा कागदाला चिकटतो.

आता कोणी विचारील, उन्हाचा लखलखाट रंगात आणायचा कसा? तो आणता येतच नाही. ट्यूबमधला पांढऱ्यात पांढरा रंगसुद्धा सूर्यासारखा तळपत नाही. परंतु गवई पट्टी खाली घेतो तेव्हा राग बदलतो काय? षड्ज ठरला की बाकीचे स्वर त्याच्या नात्याने लागतात. चित्रातही सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागा प्रथम ठरवावी आणि बाकीच्या जागा त्यांच्या नात्याने लावाव्या. यासाठी उपाय सोपा आहे: डोळे अर्धवट मिटून पाहणे. केस, ठिपके, बारकावे नाहीसे होतात आणि उजेडाचे चारपाच मोठे तुकडे उरतात. ते तुकडे आधी. एका रंगाच्या अंगावर एक नियम सहसा मोडत नाही: सावलीतली सर्वांत उजळ जागाही उन्हातल्या सर्वांत मंद जागेपेक्षा गडदच असते.

यानंतर रंग. सकाळचे ऊन पिवळसर असते, म्हणून उन्हातल्या पाठीसाठी पांढऱ्यात किंचित यलो ऑकर घालावा. सावलीच्या बाजूवर सूर्य नसला तरी आभाळ असते, म्हणून ती निळसर होते. पोटाखाली तांबूस मुरमावरून परतलेला उजेड पडतो. तेथे सावली उबदार होते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून या दोन्ही छटा निघतात: एकाचे प्रमाण वाढवा, सावली थंड, दुसऱ्याचे वाढवा, उबदार. काळ्या कुत्र्यासाठीही आम्ही हेच मिश्रण दाट करून वापरतो. त्याच्या तुकतुकीत पाठीवरची चकाकी करडी नसते. वर आभाळ असेल तर निळसर असते, कारण चकाकी अंगाचा रंग घेत नाही, उजेडाचा घेते.

मोबाईलच्या फोटोने आम्हाला फसवले ते येथेच. आजचे कॅमेरे सावल्या आपणहून उजळ करून देतात. बघायला ते छान वाटते. पण उजेडाचा हिशेब त्यात बिघडलेला असतो.

हा हिशेब किती दूरवर नेता येतो हे पाहायचे असेल तर सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र पाहावे. ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिव्याची ज्योत स्त्रीने हाताने झाकलेली आहे; तरी बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड आणि उजळलेला चेहरा पाहून खोलीत दिवा लागल्यासारखे वाटते. बाकीचे चित्र त्यासाठी मुद्दाम मंद ठेवलेले आहे.

आम्ही पुन्हा त्या शेतावर गेलो. लागोपाठ पाच दिवस, सकाळी आठच्या सुमारास, एकच तास. कारण तासाभरात सावल्या सरकतात. म्हातारा कुत्रा गोठ्यापुढे उन्हाला बसत असे. या वेळी निव्वळ पांढरा रंग आम्ही दोनच जागी लावला, टाळूच्या कडेवर आणि खांद्याच्या हाडावर. बाकी सारे अंग पिवळसर, निळसर, मातकट. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका, आणि तोही सगळ्यांत शेवटी.

मालक चित्रापुढे उभे राहिले. म्हणाले, “आता पांढरं दिसतंय. ऊन पडलंय की याच्यावर.”

तो पावसाळा कुत्र्याने पाहिला नाही. चित्र मात्र त्यांच्या ओसरीवर आहे. वाचकांनी उद्या सकाळी दारातल्या कुत्र्याकडे डोळे अर्धे मिटून पाहावे आणि तो खरोखर कोणत्या रंगाचा दिसतो ते स्वतःला विचारावे. कुंचला हाती नसला तरी चालेल. पाहणे तेथूनच सुरू होते.