रान आणि कायदा – ६ : हाक घालावी, मागे जाऊ नये

मागच्या लेखांकात अमेरिकेत शिकारीचा परवाना कोण देतं ते पाहिलं. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा मामला केंद्राच्या अखत्यारीत येतो. रानटर्की बारा महिने आपल्याच मुलखात राहते, म्हणून तिचे नियम ते ते राज्य ठरवतं. आज पेनसिल्वेनियाचे नियम पाहू. तिथला वसंतातला हंगाम एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीपासून मेअखेरीपर्यंत चालतो. त्या दिवसांत मादी अंड्यांवर असते आणि शिकारी मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. बहुतेक नियमांचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

आधी मादीचं. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. अंडी उबवणं आणि पिलं सांभाळणं मात्र एकट्या मादीच्या वाट्याला. म्हणून वसंतात फक्त ‘दाढी’वाला पक्षी मारायचा. ही दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा, घोड्याच्या केसांसारखा राठ पिसांचा झुबका. एखाद्या मादीलाही तो असतो, म्हणून जाणता शिकारी डोकंही निरखतो : नराचं लाल, पांढरं, निळं, मादीचं फिकट राखाडी. घरट्यांभोवती दिवसभर वर्दळ नको म्हणून हंगामाच्या पूर्वार्धात शिकार दुपारी बाराला थांबते. दाणे टाकून पक्षी जमवणं, विजेच्या यंत्रावर आवाज वाजवणं, दोन्हींना बंदी. रायफलही चालत नाही. छऱ्यांची बंदूक किंवा धनुष्यबाण. पक्षी पडला की जागचा हलवण्याआधी त्याला नोंदीची चिठ्ठी बांधायची.

आता शिकाऱ्याचं. झाडोऱ्याच्या रंगाचे कपडे घालून तो लाकडी पेटीवर झाकण घासतो, की हुबेहूब मादीची साद उमटते. ती नर ऐकतो, तशी पलीकडचा शिकारीही ऐकतो. तो त्या आवाजाच्या मागावर दबकत निघाला, तर झुडपाआड हललेला माणूस त्याला पक्षी वाटू शकतो. म्हणून पेनसिल्वेनियात वसंतात मागावर जाणं बेकायदा आहे : एका जागी बसायचं, साद घालायची, वाट पाहायची. पाठीशी खांद्यांपेक्षा रुंद बुंधा घ्यावा. अंगावर लाल, पांढरं, निळं, म्हणजे नराच्या डोक्याच्या रंगाचं, काही नको, खिशातला रुमालसुद्धा. दुसरा माणूस दिसला तर हात हलवू नये, टर्कीचा आवाज तर मुळीच काढू नये; जागचं न हलता मोठ्यानं बोलावं. मारलेला पक्षी खांद्यावर टाकून निघताना त्यावर भडक नारिंगी कापड गुंडाळावं.

पिट्सबर्ग-फिलाडेल्फियाकडच्या आपल्या वाचकांनी बंदूक धरली नाही तरी मे महिन्यात सकाळी रानवाटेला जाताना हेच तीन रंग टाळावेत आणि नारिंगी जाकीट चढवावं.

पुढच्या लेखांकात : बंदुकीवरचा कर रानाच्या कामी लावणारा १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा.